महावीर चक्र मिळालेले डॉक्टर, लेफ्टनंट कर्नल रंगराज: कोणाला माहिती आहे का?

सांजवारा
नमस्कार मंडळी. भाची एएफएमसीला (पुण्याचं सैन्याचं मेडिकल कॉलेज) जायचं म्हणून नीटची तयारी करतेय, तिला वाचायला द्यावं म्हणून आर्मीतल्या डॉक्टरांबद्दल शोधत होते तर महावीर चक्राच्या यादीत लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज हे नाव दिसलं. आर्मी मेडिकल कोअर, आणि ठिकाण कोरिया! भारताने कोरियात लढायला सैन्य पाठवलंच नव्हतं ना? मग परमवीर चक्राच्या खालोखालचं पदक तिथे काम करणाऱ्या डॉक्टरला कसं मिळालं? आणि नेमकं केलं काय त्यांनी? प्लीज जरा डिटेलमध्ये सांगा.

जुनी_छावणी
ताई, फार चांगला माणूस शोधलात. बरोबर आहे, लढणारी पलटण आपण पाठवली नाही. १९५० मध्ये युनोने मदत मागितली तेव्हा नेहरूंच्या सरकारने मेडिकल युनिट पाठवलं, ६० पॅराशूट फिल्ड अॅम्ब्युलन्स, म्हणजे आघाडीजवळ जखमींवर उपचार करणारं फिरतं हॉस्पिटल, साडेतीनशेच्या आसपास माणसं, आणि कमांडिंग ऑफिसर हे रंगराज.

ते मद्रास मेडिकल कॉलेजचे. १९४१ मध्ये भारतात पॅराशूट फौज उभी राहत होती तेव्हा ते १५२ इंडियन पॅराशूट बटालियनचे मेडिकल ऑफिसर होते, आणि पॅराशूटने उडी मारणारे पहिले दोन भारतीय सैनिक म्हणजे लेफ्टनंट रंगराज आणि हवालदार मेजर मथुरा सिंग. म्हणजे पहिल्या दोघांतला एक डॉक्टर, हे मला अजूनही भारी वाटतं. हीच बटालियन पुढे मार्च १९४४ मध्ये मणिपूरमधल्या सांगशाकला जपान्यांशी लढली.

आता कोरिया. नोव्हेंबर १९५० मध्ये युनिट पुसान बंदरावर उतरलं आणि थोड्याच दिवसांत उत्तर कोरियाच्या बाजूने उतरलेल्या चिनी फौजेच्या रेट्यापुढे युनोच्या सगळ्याच फौजांची माघार सुरू झाली. युनिटचा पुढचा भाग प्याँगयांगला अडकला, निघायची ऑर्डर आली पण सगळं सामान न्यायला पुरेशा गाड्या नाहीत. ऑपरेशनचं साहित्य टाकून गेलं तर नंतर जखमींना हात लावून काय उपयोग? तेव्हा स्टेशनात एक इंजिन आणि डबे मिळाले, इंजिन चालवणं माहीत असलेले जवान युनिटमध्ये निघाले, बाकीच्यांनी लाइन लावून बादल्या बादल्यांनी बॉयलर भरला, जळण गोळा केलं, आणि सामानासकट गाडी तेदोंग नदीच्या पुलावरून दक्षिणेला काढली, त्यानंतर थोड्याच वेळात पूल उडवले गेले. ह्या एका गोष्टीसाठीसुद्धा मी त्यांना सलाम करेन.

पुढे ते ब्रिटिशांच्या २७ व्या ब्रिगेडबरोबर राहिले. २३ मार्च १९५१ ला अमेरिकन १८७ व्या एअरबोर्न तुकडीने सोलच्या उत्तरेला मुनसानला उडी घेतली, ऑपरेशन टॉमहॉक, माघार घेणाऱ्या शत्रूची वाट अडवायला. त्या तीन हजारांवर पॅराट्रूपर्सबरोबर बारा जणांची भारतीय सर्जिकल टीम उतरली आणि रंगराज स्वतः त्यात होते. कमांडिंग ऑफिसर मागे थांबू शकला असता, कोणी काही म्हटलं नसतं.

उत्तरपेठ
पण तांत्रिक मुद्दा राहतोच. ते युद्ध आपलं नव्हतं, मग अशोक चक्राच्या गटातलं, म्हणजे युद्धाबाहेरच्या शौर्याचं पदक द्यायला हवं होतं असं मला वाटतं.

जुनी_छावणी
नाही हो दादा, महावीर चक्राच्या नियमात अट शत्रूसमोर दाखवलेल्या शौर्याची आहे, जमिनीवर, समुद्रात किंवा हवेत, आणि पात्र लोकांत नर्सिंग आणि हॉस्पिटलच्या सेवेतली माणसं स्पष्ट लिहिलेली आहेत, अगदी सैन्याच्या हुकमाखाली काम करणारे सिव्हिलियनसुद्धा. हातात रायफल असायलाच हवी असं कुठेच नाही. आणि समोर तोफा चालू असताना टेबलावर पेशंट घेणं शत्रूसमोर नाही तर काय? पदक चांदीचं, गोल, त्यावर पाच टोकांचा तारा, मध्ये राजमुद्रा, रिबन अर्धी पांढरी अर्धी केशरी.

भूलवाला_डॉक्टर
मी भूलतज्ज्ञ आहे, एवढंच सांगतो. पोटात गोळी लागलेला माणूस किती तासांत टेबलावर येतो ह्यावर सगळं असतं, आधी रक्त किंवा प्लाझ्मा देऊन प्रेशर वर आणायचं, मगच भूल. कोरियात हेलिकॉप्टरने जखमी उचलायला तेव्हा नुकती सुरुवात झाली होती, बाकी सगळे खांद्यावरच्या स्ट्रेचरवरून नाहीतर जीपवरून. शत्रूच्या मागे उतरलेल्या तुकडीला तर मागे जायला रस्ताच नसतो, म्हणून सर्जनलाच तिथे नेलं. हे उडी मारण्याचं धाडस म्हणून बघू नका, जखमी आणि सर्जनमधलं अंतर कमी करण्याचा हा विचार आहे. आणि कौतुक सगळं एकाच नावावर जातं ते मला पटत नाही. टेबलाशी उभे राहिलेले सर्जन, स्ट्रेचर उचलणारे जवान, आणि युनिटचा दुसरा भाग दक्षिण कोरियातल्या तेगूला होता तो, त्यांनी तिथल्या हॉस्पिटलांना मदत केली, कोरियन डॉक्टर-नर्सना शिकवलं. त्यांच्यावर कोणी चार ओळी लिहीत नाही.

सांजवारा
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना! भाचीला हे सगळं वाचून दाखवलं, तिचे दोन प्रश्न: युनिट परत कधी आलं, आणि रंगराज सरांनी नंतर काय केलं?

उत्तरपेठ
पदकाचा मुद्दा पटला मला. युनिट परत आलं १९५४ मध्ये. जुलै १९५३ ला युद्धबंदी झाली, मग मायदेशी जायचं की नाही ह्यावर अडलेल्या बावीस हजारांवर युद्धकैद्यांची राखण करायला आपली कस्टोडियन फोर्स गेली, तिचे प्रमुख आपल्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात, आणि हे युनिट त्यांच्याबरोबर थांबलं. १९५५ मध्ये राजेंद्रबाबूंनी युनिटला राष्ट्रपतींची खास ट्रॉफी दिली.

जुनी_छावणी
आर्मीनंतर रंगराज जागतिक आरोग्य संघटनेत गेले, अफगाणिस्तानात देवीच्या रोगाच्या (स्मॉलपॉक्स) निर्मूलनाचे सल्लागार म्हणून. मला तर हा भाग कोरियाइतकाच मोठा वाटतो. डोंगरी गावं, रस्ते नाहीत, बर्फ पडलं की महिनोन् महिने वाट बंद, परक्या पुरुषाने घरातल्या बायकांना लस टोचणं अवघड, आणि गावोगावी फिरून देवीच्या फोडातलंच द्रव्य माणसांना टोचणारे पारंपरिक लोक, त्यांच्यामुळे साथ उलट पसरायची. अशा देशात १९७२ च्या सुमाराला देवी थांबल्या. ह्याला महावीर चक्रासारखं पदक नसतं.

आणि भाचीला सांगा की ते युनिट अजून आहे, आग्र्याला. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात भूकंप झाला तेव्हा इस्कंदेरूनला ३० खाटांचं हॉस्पिटल त्यांनीच उभं केलं. एएफएमसीतून पास झाल्यावर पॅरा युनिटसाठी स्वतःहून नाव द्यावं लागतं, प्रोबेशन असतं, मग आग्र्याला पाच उड्या मारल्या की विंग्ज, म्हणजे पॅराट्रूपरचा बिल्ला. आधी नीट निघू दे, बाकी विचारायचं असेल तर इथेच विचारा.