पऱ्हाट्या, तुराट्या आणि ज्वारीची भाकरी : सुधारित चुलींची चाचणी गावात नेमकी कशी घ्यावी?

प्रश्न : विज्ञानाची प्राध्यापिका, सेलू तालुका (जि. परभणी)

नमस्कार. आमच्या महाविद्यालयाजवळच्या एका गावातील महिला बचत गटाने गटाच्या पैशांतून सुधारित चुली एकत्र खरेदी करण्याचे ठरवले आहे. त्यांच्यासमोर दोन प्रकार आहेत. एक बिनपंख्याची चूल आहे, तिच्यात पुढच्या तोंडातून लाकूड सारावे लागते. दुसरीला खाली छोटा पंखा आहे आणि तिच्यात जळणाचे बारीक तुकडे वरून टाकावे लागतात. विक्रेत्यांनी दोन्ही चुलींची चाचणी प्रमाणपत्रे दाखवली आहेत. पैसे देण्यापूर्वी गटातील बायकांनी आम्हाला अगदी सरळ विचारले आहे, की स्वयंपाकघरातला धूर खरोखर कमी होईल का आणि जळण किती वाचेल. या प्रश्नाला अंदाजाने उत्तर देणे मला योग्य वाटत नाही, म्हणून विद्यार्थिनींच्या मदतीने तीसेक घरांत चाचणी घेण्याचा विचार आहे.

गावाची परिस्थिती अशी आहे, की बहुतेक घरांत उज्ज्वला योजनेतला गॅस आहे, पण तो चहासाठी, पाहुण्यांसाठी आणि घाईच्या वेळेसाठी राखून ठेवलेला असतो. भाकरी, वरण आणि अंघोळीचे पाणी चुलीवरच होते. जळण म्हणजे पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडे), तुराट्या (तुरीच्या वाळलेल्या काड्या), बाभळीचे सरपण आणि गोवऱ्या. काही घरे जुन्या माळवदाची आहेत, काही पत्र्याची, तर काही स्लॅबची. आमच्याकडे हवेतील सूक्ष्म कण मोजणारी, प्रकाशाच्या साहाय्याने चालणारी दोन यंत्रे आणि एक चांगला वजनकाटा आहे.

विक्रेत्यांचे प्रमाणपत्र पुरेसे मानावे का? नसेल, तर घरांत काय मोजावे, किती दिवस मोजावे आणि यंत्र कुठे ठेवावे? अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद १ : चूल-चाचण्यांवर काम केलेला अभियंता, लातूर

मॅडम, प्रमाणपत्र निरुपयोगी नाही, पण ते वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देते. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १३१५२ या मानकात (२०१३ ची सुधारित आवृत्ती) बिनपंख्याच्या चुलीची औष्णिक कार्यक्षमता (म्हणजे जळणातल्या उष्णतेपैकी भांड्याला मिळणारा वाटा) किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीची किमान ३५ टक्के असावी, असे म्हटले आहे. भांड्याला मिळालेल्या प्रत्येक मेगाज्यूल उष्णतेमागे कार्बन मोनॉक्साइड ५ ग्रॅमपेक्षा जास्त नसावा आणि धुरातले कण बिनपंख्याच्या चुलीत ३५० व पंख्याच्या चुलीत १५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावेत, अशा मर्यादाही त्यात आहेत. तीन दगडांच्या चुलीची कार्यक्षमता साधारण १० ते १५ टक्के असते, हे लक्षात घेतले तर हे आकडे आश्वासक वाटतात. मात्र ते प्रयोगशाळेत मिळालेले असतात. तिथे लाकूड वाळलेले आणि एकसारख्या मापात कापलेले असते, चूल पेटवणारा माणूस दिवसभर तेवढेच काम करतो आणि भांड्यात नुसते पाणी असते. पाणी उकळण्याच्या नेहमीच्या चाचणीत थंड चुलीवर पाणी उकळायचे, मग तापलेल्या चुलीवर पुन्हा उकळायचे आणि त्यानंतर ४५ मिनिटे मंद आचेवर ठेवायचे, असा क्रम असतो. त्यात तवा नाही, भाकरी नाही आणि मधेच उठून शेळीला पाला टाकायला जाणारी बाईही नाही. दोन नमुन्यांची आपसांत तुलना करायला किंवा रचनेतला दोष शोधायला ही चाचणी चांगली आहे. बचत गटाच्या प्रश्नाचे उत्तर मात्र तिच्यातून मिळणार नाही.

तुम्ही दोन पायऱ्यांनी जावे, असे मी सुचवीन. पहिली पायरी म्हणजे नियंत्रित स्वयंपाकाची चाचणी. गावातल्या तीन-चार सुगरणींना बोलवा, एक ठरावीक स्वयंपाक ठरवा (समजा, ठरावीक पिठाच्या भाकरी आणि ठरावीक डाळीचे वरण) आणि त्याच बाईने तोच स्वयंपाक आळीपाळीने जुन्या चुलीवर आणि दोन्ही नव्या चुलींवर करावा. प्रत्येक वेळी जळण आधी तोला, नंतर उरलेले जळण आणि कोळसा वेगवेगळा तोला आणि लागलेला वेळ लिहा. प्रत्येक बाईला नव्या चुलीची सवय होण्यासाठी आधी आठवडाभर ती घरी वापरू द्या. हे टाळले, तर तुम्ही चुलीऐवजी बाईची अडखळ मोजाल.

दुसरी पायरी प्रत्यक्ष घरांतली. जळणासाठी प्रत्येक घरी पुरेल एवढी, वजन केलेली रास बाजूला ठेवायची आणि स्वयंपाकासाठी फक्त त्यातूनच जळण घ्यायला सांगायचे. रोज ठरलेल्या वेळी उरलेले जळण तोलायचे. हे सलग किमान तीन-चार दिवस करा आणि त्यात सण किंवा लग्नघर येऊ देऊ नका. घरातली माणसे रोज बदलतात, म्हणून जेवणारी तोंडे प्रमाणित करावी लागतात. रूढ पद्धतीत १५ ते ५९ वर्षांचा पुरुष १, चौदा वर्षांवरील स्त्री ०.८, साठीपुढचा पुरुष ०.८ आणि चौदा वर्षांपर्यंतचे मूल ०.५ असे धरतात. शेतात कष्ट करणाऱ्या बाईला ०.८ धरणे मला व्यक्तिशः पटत नाही, पण इतर ठिकाणच्या आकड्यांशी तुलना करायची असेल, तर हेच प्रमाण ठेवा.

आता धुराबद्दल. तुमचे यंत्र कण तोलत नाही. कणांवरून विखुरणाऱ्या प्रकाशावरून ते वजनाचा अंदाज बांधते आणि हा अंदाज कारखान्यातल्या चाचणी-धुळीवर बेतलेला असतो. गोवरीच्या धुराचे कण वेगळे, पऱ्हाटीच्या धुराचे वेगळे, आणि हवेतला दमट ओलावाही आकडा फुगवतो. म्हणून काही घरांत तरी यंत्राशेजारी पंप आणि फिल्टर लावून, फिल्टर आधी व नंतर प्रयोगशाळेत तोलून घ्यावा आणि त्यावरून दुरुस्तीचा गुणक काढावा. विद्यापीठाच्या किंवा मोठ्या महाविद्यालयाच्या पर्यावरणशास्त्र विभागाकडे अशी सोय मागता येईल. तसे जमले नाही, तर तुमचे आकडे फक्त 'आधी' आणि 'नंतर' यांच्या तुलनेसाठी वापरा; सुरक्षित मर्यादेशी त्यांची तुलना करू नका. त्याआधी दोन्ही यंत्रे एकाच स्वयंपाकघरात शेजारी-शेजारी ठेवून त्यांचे आकडे जुळतात का, हेही पाहा.

यंत्र ठेवण्याची रूढ जागा चुलीपासून साधारण १०० सेंटिमीटर अंतरावर, जमिनीपासून १४५ सेंटिमीटर उंचीवर आणि दार-खिडकीपासून किमान १५० सेंटिमीटर दूर अशी आहे. सगळीकडे हीच मापे पाळा. मोजणी पूर्ण २४ तासांची असावी, कारण पहाटेची चूल, संध्याकाळची चूल आणि मधल्या काळातले धुमसणारे निखारे हे सगळे धरल्याशिवाय सरासरीला अर्थ येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ साठी (अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कणांसाठी) २४ तासांची मार्गदर्शक पातळी प्रति घनमीटर १५ मायक्रोग्रॅम ठेवली आहे आणि आपल्या देशातले बाहेरच्या हवेसाठीचे मानक ६० आहे. बंद स्वयंपाकघरात चूल पेटलेली असताना आकडा हजाराच्याही पुढे जातो. त्यामुळे 'धूर निम्मा झाला' हे खरे असले, तरी 'हवा शुद्ध झाली' असा त्याचा अर्थ होत नाही, आणि हा फरक गटातल्या बायकांना चाचणीपूर्वीच स्पष्ट सांगितलेला बरा.

काही घरे नव्या चुलीविना ठेवायला विसरू नका. माघात मोजलेली जुनी चूल आणि चैत्रात मोजलेली नवी चूल यांची तुलना केली, तर उघडी दारे, वाळलेले जळण आणि अंगणात सरकलेला स्वयंपाक यांचे सगळे श्रेय चुलीला जाईल. या घरांना चाचणी संपताच चूल द्यावी आणि हे त्यांना सुरुवातीलाच सांगावे.

प्रतिसाद २ : बचत गटाची अध्यक्षा, केज तालुका (जि. बीड)

ताई, सरांनी मोजणीचे सर्व सांगितले आहे. मी चूल पेटवणाऱ्या बाईच्या बाजूने लिहिते. आमच्या गटातही बिनपंख्याच्या चुली आल्या होत्या. त्यांच्यावर वरण आणि भात चांगला होत असे आणि डोळ्यांना धूरही कमी लागे. अडचण भाकरीची झाली. तव्यावर भाकरीची एक बाजू पाणी लावून भाजली, उलटली, की ती तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या इंगळावर उभी शेकायची असते. तेव्हाच ती टम्म फुगते आणि पापुद्रा सुटतो. या चुलीत जाळ सगळा वर जात होता आणि पुढे ओढायला इंगळच उरत नव्हते. भाकरी तव्यावरच कापडाने दाबून फुगवावी लागे आणि घरातली म्हातारी माणसे ती कच्ची आहे म्हणून बाजूला सारत. म्हणून बायकांनी नवी चूल कोरड्यासाला आणि जुनी चूल भाकरीला, अशा दोन्ही पेटवायला सुरुवात केली. धूर मग कुठून कमी होणार?

दुसरी गोष्ट जळणाची. वरून तुकडे टाकायच्या चुलीला बोटाएवढे तुकडे लागतात. तुराटी हाताने मोडते, पण पऱ्हाटी चिवट असते. ती कोयत्याने तोडावी लागते आणि हे काम शेतातून आलेल्या बाईच्याच वाट्याला येते. जळण तोडायला लागणारा वेळ तुमच्या तक्त्यात लिहिला नाही, तर हिशेब अर्धाच होईल. अंघोळीचे पाणी तापवायची चूलही मोजा. ती अंगणात किंवा न्हाणीच्या भिंतीला लागून असते, म्हणून कोणी तिला स्वयंपाकाची चूल म्हणत नाही, पण हिवाळ्यात पहाटे सर्वांत जास्त जळण तिथेच जाते आणि वारा फिरला, की तिचा धूर घरात येतो.

आणखी एक सांगते. आमच्या भागातली पुष्कळ कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि सहा-सहा महिने कोपीत राहतात. तिथे तीन दगड आणि उसाचे पाचट हीच चूल असते. तुमच्या गावातली काही घरे अशी असतील, तर ती मोजणीतून गळतील आणि सर्वांत जास्त धूर सोसणाऱ्या बायकाच हिशेबाबाहेर राहतील.

प्रतिसाद ३ : ग्रामीण भागातला वैद्यकीय अधिकारी, अंबाजोगाई

आरोग्याच्या परिणामांबद्दल मोजकेच लिहितो. चाचणी घ्या, पण 'मुलांचा न्यूमोनिया कमी होईल' असे आश्वासन गावाला देऊ नका. ग्वाटेमालात धुराड्याच्या चुलीची मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०११ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. मुलांचा कार्बन मोनॉक्साइडशी येणारा संपर्क निम्म्याने घटला, परंतु डॉक्टरांनी निदान केलेल्या न्यूमोनियातली एकूण घट संख्याशास्त्रीय कसोटीवर ठाम ठरली नाही. तीव्र स्वरूपाच्या न्यूमोनियात मात्र घट दिसली. मलावीत पंख्याच्या चुली देऊन दहा हजारांहून अधिक मुलांवर झालेल्या चाचणीत (२०१७) न्यूमोनियात फरक आढळला नाही. भारतासह चार देशांत गर्भवतींना गॅस आणि शेगडी मोफत देऊन झालेल्या चाचणीत त्यांच्या श्वासातला पीएम २.५ प्रति घनमीटर सुमारे २४ मायक्रोग्रॅम होता, तर चुलीवर राहिलेल्या गटात तो सुमारे ७० होता, तरी बाळांच्या जन्मवजनात लक्षणीय फरक पडला नाही. भारतातली ही चाचणी तमिळनाडूत झाली होती. यावरून धूर निरुपद्रवी आहे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या आणि कधी विडीला न शिवलेल्या स्त्रियांमध्ये दम्यासारखा दिसणारा जुनाट श्वासरोग मी बाह्यरुग्ण विभागात सतत पाहतो. माझे म्हणणे इतकेच, की तीस घरांच्या आणि काही महिन्यांच्या चाचणीतून आजारांतला फरक दिसणार नाही. डोळ्यांची जळजळ, सकाळचा खोकला, डोकेदुखी आणि भाजण्याच्या घटना यांची नोंद मात्र जरूर ठेवा.

कार्बन मोनॉक्साइडचे वेगळे यंत्र मिळवता आले, तर मिळवा. निखाऱ्यांवर धूर दिसत नाही, पण हा वायू भरपूर निघतो, आणि 'धूर नाही' म्हणून थंडीत दार लावून चूल धुमसत ठेवणे धोक्याचे आहे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

तिघांचेही मनापासून आभार. भाकरी शेकण्याचा मुद्दा आमच्या आराखड्यात मुळीच नव्हता; आता ठरावीक स्वयंपाकात 'इंगळावर शेकलेली भाकरी' असेच लिहीत आहोत आणि जळण तोडण्याचा वेळही तक्त्यात घेत आहोत. दोन शंका उरल्या आहेत. नवी चूल खरोखर किती वेळ पेटते आणि जुनी किती वेळ, हे विचारून कळेल का? आणि माळवदाची, पत्र्याची व स्लॅबची घरे एकाच सरासरीत धरावीत का?

प्रतिसाद १ : पुन्हा

पहिल्या शंकेचे उत्तर सांगतो. विचारू नका असे नाही, पण तेवढ्यावर विसंबू नका. ज्यांनी चूल फुकट किंवा स्वस्तात दिली, त्यांच्या तोंडावर 'आम्ही ती वापरत नाही' असे म्हणणे कोणालाही अवघड जाते. बटणाच्या आकाराचे तापमान-नोंदक मिळतात. ते दोन्ही चुलींना, थेट जाळ लागणार नाही अशा जागी बसवले, की चूल कधी तापली आणि कधी निवली, याची नोंद आठवडेच्या आठवडे आपोआप राहते. पाणी तापवायच्या चुलीलाही एक लावा. ओडिशात रेमा हॅना, एस्थर डफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी सुधारित चुलींचा चार वर्षे माग काढला, तेव्हा पहिल्या वर्षी श्वासावाटे जाणारा धूर कमी झालेला दिसला आणि पुढे तो फरक नाहीसा झाला, कारण वापर आणि देखभाल दोन्ही घटत गेली. आपल्या देशात १९८३-८४ पासून राबवलेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमात सुमारे साडेतीन कोटी चुली बसल्या, आणि त्यांतल्या फार थोड्या पुढे टिकल्या. म्हणून पहिल्या महिन्याच्या आकड्यांवर अहवाल लिहून मोकळे होऊ नका. दीड-दोन वर्षांनी त्याच घरांत पुन्हा नोंदक लावण्याचे आताच ठरवून ठेवा.

घरांबद्दल म्हणाल, तर सरसकट सरासरी काढू नका. माळवदाच्या छतात झरोका असतो, पत्र्याखाली भिंतीच्या वरच्या कडेने फट असते आणि स्लॅबच्या खोलीत धूर कोंडतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर आमच्या लातूर-धाराशिव पट्ट्यात दगडमातीची माळवदे गेली आणि सिमेंटची घरे आली. ती सुरक्षित झाली, पण चुलीच्या धुराला वाट कुठून द्यायची, याचा विचार त्या आखणीत फारसा दिसत नाही. प्रत्येक घराची तुलना त्याच घराच्या आधीच्या मोजणीशी करा, घरांचे प्रकार वेगळे मांडा आणि खोलीची लांबी, रुंदी, उंची, दारे व झरोके यांची मापे लिहून ठेवा. स्लॅबच्या घरात कोणत्याही चुलीपेक्षा एक धुराडे जास्त काम करते, असे निघाले, तर बचत गटाला तेच सांगा, चूल खरेदी रद्द झाली तरी.

आणि चाचणीच्या दोन फेऱ्या घ्या. एक संक्रांतीनंतर, तुराट्या-पऱ्हाट्या शेतातून घरी येतात तेव्हा. दुसरी श्रावणात, जळण ओले असते, गोवऱ्या जास्त लागतात आणि पावसामुळे दारे बंद असतात तेव्हा. मनुष्यबळ कमी पडले, तर पहिल्या फेरीतली घरे कमी करा, पण श्रावणातली फेरी गाळू नका.