'फिक्स' मारून स्केच काळं करणं थांबवा

भोसरी_टूलरूम
नवीन मुलं कॅड (कॉम्प्युटरवर डिझाइनचं) सॉफ्टवेअर झकास चालवतात, पण स्केचमधला, म्हणजे भागाच्या मूळ रेखाकृतीतला, बिंदू जागेवर कसा बसवायचा हे त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं. वर्तुळ अंदाजे काढायचं, चौकटीत एक्स-वाय भरायचे आणि वर 'फिक्स' मारायचं, म्हणजे आहे तिथेच गोठवायचं. सॉलिडवर्क्स या कॅड सॉफ्टवेअरमध्ये निळं (अजून हलू शकणारं) स्केच काळं (पूर्ण बांधलेलं) झालं की काम झालं, असा समज.

परवाचंच घ्या. १२० बाय ८० ची प्लेट, चार कोपऱ्यांत कडेपासून १५ मिमीवर भोकं. गिऱ्हाइकाने लांबी १४० केली. प्लेट उजवीकडे वाढली, भोकं होती तिथेच राहिली. उजवीकडची दोन आता कडेपासून ३५ वर. सॉफ्टवेअरने चकार शब्द काढला नाही, त्याच्या लेखी सगळं 'फुल्ली डिफाइन्ड', म्हणजे पूर्ण बांधलेलं, होतं. शॉपमध्ये ज्या कडेवरून मोजणार, त्याच कडेवरून स्केचमध्ये माप द्या. माझं म्हणणं एवढंच.

चाकण_फिक्स्चर
सर, सगळी कामं एकाच काठीने हाकू नका. आमची फिक्स्चर (मशीनवर जॉब पकडायची साधनं) एकदाच बनतात. संध्याकाळी ड्रॉइंग, सकाळी व्हीएमसीवर (सीएनसी मिलिंग मशीनवर). ऑपरेटर कोपऱ्यावर जी५४ (मशीनवरचा जॉबचा शून्य बिंदू) घेतो, त्याला एक्स-वाय चे आकडे लागतात. तेच मी स्केचमध्ये भरले तर बिघडलं कुठे? वीस भोकांना चाळीस मापं दिली तर स्केच वाचताही येत नाही.

भोसरी_टूलरूम
चाळीस मापं द्यायला सांगतंय कोण? प्लेटचा मध्य ओरिजिनवर (स्केचच्या शून्य बिंदूवर) घ्या. मध्यावर कन्स्ट्रक्शन (फक्त आधाराच्या रेषांचा) चौकोन काढा, त्याच्या कोपऱ्यांवर भोकांची केंद्रं बसवा. दोन कडांपासून दोन मापं, एक व्यास, बाकी भोकं 'इक्वल' (तेवढीच). पीसीडी असेल, म्हणजे भोकं एका वर्तुळावर असतील, तर एक भोक काढा आणि बाकीची पॅटर्नने. ऑपरेटरचे आकडे ड्रॉइंगमधलं होल टेबल (भोकांच्या जागांचा तक्ता) आपोआप काढून देतं, आणि मॉडेल बदललं की तेही बदलतं.

अजून एक, मापं साखळीने, म्हणजे एका भोकापासून पुढचं अशी, देऊ नका. मॉडेलमधली मापंच ड्रॉइंगवर ओढली जातात. २५ चे चार पिच (लगतच्या भोकांमधली अंतरं), प्रत्येकी ±०.१, म्हणजे पहिल्या भोकापासून पाचवं ±०.४ पर्यंत जाऊ शकतं.

पिंपरी_लेझर
माझ्याकडे कापायला डीएक्सएफ (नुसत्या रेषांची फाइल) येते, तिच्यात तुमचं एकही रिलेशन (रेषा-बिंदू एकमेकांशी बांधणारा नियम) उरत नाही. मी बघतो टोकं जुळली आहेत का ते. पडद्यावर ४०.०० दिसतं, आत ३९.९९८ असतं. फट राहिली की कॉन्टूर (कापायची सलग रेषा) बंद होत नाही आणि कर्फची (लेझरच्या कापाच्या रुंदीची) भरपाई आत द्यायची की बाहेर, हे ठरत नाही. आकडे कसेही द्या, टोकांना 'कोइन्सिडंट' (दोन टोकं एकाच बिंदूत जुळवणारं रिलेशन) लावाच.

ऑटोकॅड_जुना
आम्ही @५०,० (आधीच्या बिंदूपासून ५० आडवं) टाइप करून आणि ओस्नॅप (नेमकं टोक पकडणारी सोय) लावून अचूकच काढत आलो. ऑटोकॅडमध्ये कन्स्ट्रेंट, म्हणजे तुमची ही रिलेशन, २०१० च्या आवृत्तीत आले. त्याआधीच्या डाय काय वाकड्या होत्या? तुमच्या रिलेशनच्या जाळ्यात एक माप बदललं की कमान पलटून दुसऱ्या बाजूला जाते. टाइप केलेला आकडा असा दगा देत नाही.

भोसरी_टूलरूम
काका, पलटतं हे खरं. टँजंटला (स्पर्श करणाऱ्या रेषेच्या रिलेशनला) दोन्ही बाजू चालतात, सॉल्व्हर (रिलेशन सोडवणारा सॉफ्टवेअरचा भाग) त्यातली एक उचलतो. म्हणून आकार आधी खऱ्या मापाच्या जवळपास काढायचा, रिलेशन आधी, मापं नंतर, आणि फिलेट (कोपऱ्यांच्या गोलाया) स्केचमध्ये घालायचेच नाहीत. स्केच छोटं ठेवलं तर हा त्रास क्वचितच होतो. पण लांबी बदलल्यावर प्रत्येक भोक हाताने सरकवताना एखादं राहून गेलं, तर ते जॉब कापल्यावरच कळतं.

चाकण_फिक्स्चर
होल टेबलचं पटलं. एकदाच्या कामाला मात्र मी ओरिजिनपासूनच आकडे देणार. गिऱ्हाइकाचा पार्ट बदलला की आमचं फिक्स्चर नवीनच बनतं.

डिप्लोमा_तिसरं_वर्ष
फ्रीकॅड या कॅड सॉफ्टवेअरमधलं 'लॉक' म्हणजे हे फिक्सच का?

भोसरी_टूलरूम
नाही. 'लॉक' बिंदूला ओरिजिनपासून एक आडवं आणि एक उभं माप देतं, दोन्ही नंतर बदलता येतात. जागच्या जागी गोठवतं ते 'ब्लॉक'. ते आयात केलेल्या स्प्लाइनपुरतं (मुक्त वक्ररेषेपुरतं) ठेव.