मदत हवी आहे : सेट-टॉप बॉक्सवर चॅनेल दिसतात, पण अ‍ॅप्स उघडत नाहीत

नमस्कार मंडळी,

आई-बाबा कराडला असतात, मी बंगळुरात. दिवाळीत त्यांना अँड्रॉइड टीव्हीवाला सेट-टॉप बॉक्स घेऊन दिला. गच्चीवरच्या छत्रीवरून नेहमीचे चॅनेल, आणि वायफाय जोडलं की ओटीटीची अ‍ॅप्स. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, फोनच्या स्क्रीनकडे त्यांना फार वेळ बघवत नाही. म्हणून रात्री जेवणं उरकली की दोघं टीव्हीवर जुनी नाटकं लावून बसतात. त्यांच्या दिवसातली ही दोन तासांची करमणूक, आणि दीड महिना झाला तिचंच खोबरं झालंय.

चॅनेल अगदी स्वच्छ दिसतात. अ‍ॅप उघडलं की मात्र गोल फिरत राहतं आणि शेवटी 'काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा'. एका अ‍ॅपचं असतं तर समजू शकले असते, पण यूट्यूब धरून चारही अ‍ॅप्सचं हेच, प्ले स्टोअरसुद्धा उघडत नाही. आईचा फोन त्याच वायफायवर मजेत चालतो. बॉक्सच्या सेटिंग्जमध्ये वायफाय 'कनेक्टेड' दिसतं. राउटर बंद-चालू केला, अ‍ॅपचा कॅशे आणि डेटा पुसला, बॉक्सची वायर काढून पुन्हा लावली. व्हिडिओ कॉलवर आईने फोन टीव्हीसमोर धरायचा आणि मी इथून 'खाली, अजून खाली, आता ओके दाब' म्हणायचं, असे तीन रविवार गेले.

मला कळेनासं झालंय ते हे की मधूनच दोन-तीन दिवस सगळं आपोआप नीट चालतं.

कंपनीच्या हेल्पलाइनवर 'फॅक्टरी रीसेट करा, नाहीतर बॉक्स बदलून घ्या' एवढंच उत्तर मिळालं. रीसेट केलं तर सगळी लॉगिन नव्याने करावी लागतील. रिमोटने एकेक अक्षर निवडून पासवर्ड टाकणं आईला फार जड जातं. करू का रीसेट? की आधी आणखी काही बघण्यासारखं आहे?

प्रतिसाद

ताई, रीसेट एवढ्यात नको. २०२५ च्या मार्चमध्ये क्रोमकास्ट, म्हणजे फोनवरचं टीव्हीवर दाखवणारी गूगलची छोटी उपकरणं, त्यातली दुसऱ्या पिढीची जगभर एकाएकी बंद पडली होती. ओळख पटवणाऱ्या आतल्या एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली होती, वापरणाऱ्यांचा काही दोष नव्हता. तेव्हा गूगलनेच सांगितलं होतं की रीसेट करू नका, दुरुस्ती अपडेटमधून येईल. ज्यांनी घाईने रीसेट केलं त्यांना उपकरण पुन्हा जोडताना जास्त त्रास झाला. तुमचं दुखणं तेच आहे असं नाही, पण आत्ता प्ले स्टोअरच उघडत नाही म्हणता, तर रीसेटनंतर गूगलचं लॉगिनही अडकेल आणि आहे तेही जाईल.

प्रतिसाद

चारही अ‍ॅप्स एकदम बंद आणि फोन चालू, म्हणजे अ‍ॅप किंवा इंटरनेट यांच्यात खोट नसावी. दोन गोष्टी सांगा. बंद पडतं त्या दिवशी लाईट गेलेली असते का? आणि सेटिंग्जमध्ये डिव्हाइस प्रेफरन्सेस, त्यात डेट अँड टाइम उघडून तारीख काय दिसते?

धागाकर्ती

आत्ताच आईला फोन केला. तारीख १ जानेवारी २०१९! आई म्हणाली, "अगं, त्याचं घड्याळ तर कित्येकदा चुकतं, मी भिंतीवरचंच बघते." होम स्क्रीनवर नुसते तास-मिनिटं दिसतात, त्यामुळे साल कुणाच्या लक्षात आलं नाही. आणि लाईटचं म्हणाल तर वळवाचे पाऊस सुरू झाल्यापासून संध्याकाळी रोज नाही, पण दिवसाआड जातेच. याचा काय संबंध?

प्रतिसाद

हाच संबंध. अ‍ॅप सर्व्हरशी बोलतं तेव्हा सर्व्हर आधी आपलं प्रमाणपत्र दाखवतो. त्यावर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत ग्राह्य असं लिहिलेलं असतं. हल्ली बऱ्याच ठिकाणी ही मुदत तीनेक महिन्यांचीच असते. तुमचा बॉक्स २०१९ मध्ये बसलाय, त्याच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही. मग तो जोडणी नाकारतो आणि अ‍ॅप मोघम संदेश दाखवून मोकळं होतं. छत्रीवरच्या चॅनेलना इंटरनेट लागतच नाही, म्हणून ते चालू.

आता घड्याळ का चुकतं? फोनला बॅटरी असते, शिवाय मोबाइल नेटवर्ककडून वेळ मिळते. अशा पुष्कळ बॉक्समध्ये घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी नसते. लाईट गेली की वेळ पुसली जाते आणि चालू झाल्यावर तो इंटरनेटवरून वेळ मागतो. लाईट आल्यावर बॉक्स मिनिटभरात उठतो, फायबरच्या राउटरला मात्र तीन-चार मिनिटं लागतात. पहिल्या काही प्रयत्नांत उत्तर आलं नाही तर काही बॉक्स पुढचा प्रयत्न थेट दुसऱ्या दिवशी करतात. तुमचं 'आपोआप नीट' बहुधा असंच होतंय.

त्याच डेट अँड टाइममध्ये ऑटोमॅटिक बंद करा आणि पुन्हा नेटवर्कच्या वेळेवर ठेवा. तरी नाही झालं तर तारीख हाताने भरा. आणि राउटरला मिनी यूपीएस, म्हणजे लाईट गेल्यावर तो चालू ठेवणारी छोटी बॅटरी, लावा. बहुतेक राउटर १२ व्होल्टचे असतात, पण घेण्याआधी अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही वाचून घ्या. राउटर जागा राहिला की बॉक्सला उठल्या उठल्या वेळ मिळते.

धागाकर्ती

चाललं!! ऑटोमॅटिक बंद-चालू केल्यावर पाच सेकंदांत तारीख सुधारली आणि यूट्यूब लगेच उघडलं. तीन रविवार मी अ‍ॅपच्या मागे लागले होते आणि दुखणं घड्याळात होतं. तुमचे उपकार कसे फेडू!

एक राहिलंच. एका अ‍ॅपवर चित्र कायम धूसर दिसतं, तेही यामुळेच का?

प्रतिसाद

नाही, ते वेगळं. वाइडवाइन म्हणजे व्हिडिओची चोरी रोखणारी गूगलची सुरक्षा व्यवस्था. बॉक्सला तिचा वरचा एल-१ दर्जा नसेल, नुसता खालचा एल-३ असेल, तर बरीच अ‍ॅप्स एचडी देतच नाहीत. प्ले स्टोअरवर डीआरएम इन्फो नावाचं छोटं अ‍ॅप मिळतं, त्यात दर्जा दिसेल. एल-३ निघाला तर तुमच्या हातात काही नाही, तो बॉक्स बनवणाऱ्याचा विषय.

धागाकर्ती, दहा दिवसांनी

या दहा दिवसांत लाईट चारदा गेली. पहिल्या वेळी तारीख पुन्हा २०१९ वर गेली, पण आईने माझी वाट न बघता स्वतःच ऑटोमॅटिक बंद-चालू केलं आणि मग मला फोन करून सांगितलं. परवा मिनी यूपीएस बसवला. त्यानंतर एकदा लाईट गेली, आणि बॉक्स योग्य तारखेसकट उठला. बॉक्स बदलण्याची तक्रार मागे घेतली आहे. चित्र अजून धूसरच आहे, दर्जा एल-३ निघाला. बाबा म्हणतात, "आवाज स्वच्छ येतोय ना, नाटकाला तेवढं पुरतं."