गणपती आणि घरातली कुत्री-मांजरं

ए-१०२: उद्या चतुर्थी. कुत्री-मांजरं पाळणाऱ्यांसाठी लिहितेय, पण आरतीला येणाऱ्यांनीही वाचा. आरतीला दार सताड उघडं असतं. बाहेर फटाक्यांची माळ फुटली की घाबरलेला कुत्रा त्याच दारातून सुटतो आणि कुडाळात हायवे लांब नाही. म्हणून आतली एक खोली त्याला द्या. खिडक्या बंद, पंखा चालू, रोजचं अंथरूण, पाणी. पट्ट्यावर फोन नंबर आजच लिहा.

बी-३०४: आमचा पलंगाखाली जाऊन थरथरतो. सवय व्हावी म्हणून बाहेर काढू का?

ए-१०२: अजिबात नको. लपलाय तिथेच त्याला बरं वाटतं. जवळ बसा, हात फिरवू देत असेल तर फिरवा, त्याने भीती वाढत नाही. माणसांची झोपेची गोळी मात्र देऊ नका. डॉक्टरांना आजच विचारा, सणात दवाखाना बंद मिळाला तर हाल होतात.

सी-१०१: आमच्या माजरान आत्ताच माटवेची कवंडळा खाली पाडल्यान. काय करू?

ए-१०२: काकी, गणपतीवर टांगलेल्या माटवीतली ती रानफळं उचलून टाका. मला जास्त काळजी माटवीला बांधतात त्या कळलावीची. फुलं लाल-पिवळी, देखणी, पण सगळं झाडच विषारी, कंद सर्वात जास्त. त्यात कोल्चिसीन असतं. मांजर असलेल्या घरात ती नकोच. चावलीच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. उरलेली फांदी पिशवीत घाला आणि तडक डॉक्टर गाठा.

सी-१०१: कळलावी काढूनच टाकलंय. पोरांका पण सांगतंय.

बी-३०४: प्रसाद थोडा दिला तर चालेल ना? तोंडाकडे बघत बसतो हो.

ए-१०२: पंचखाद्यातले मनुके नकोत. कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, आणि किती खाल्ल्यावर होईल याचा नेम नाही. एखाद्याला काही होत नाही, दुसरा थोड्यातच आजारी पडतो. साधा भात द्या की! गौरीच्या तिखट, म्हणजे मटण-कोंबडीच्या, सणाला शिजलेली हाडंही नकोत, ती फुटून टोकदार होतात. पाहुणे लाडाने भरवतात, त्यांना आल्याआल्याच सांगा.

सेक्रेटरी: माळा गेटसमोर नाही, मागच्या मैदानात लावा. स्पीकर रात्री १० नंतर बंद, तो कायदाच आहे.

ए-१०२: आणि जिन्याखालची कुत्री? पिल्लं अजून डोळे मिटलेली आहेत. सायकल स्टँडमागे आडोसा करूया. पोतं मी देते, फळी कोणाकडे आहे?

बी-३०४: माझ्याकडे आहे. आणतो.