मॉरिशस बघताना रॉड्रिग्ज विसरू नका
‘एवढ्याशा बेटांना एक संसद पुरे,’ असं छोट्या बेट-देशांबद्दल कुणी म्हटलं, ते मला पटलं नाही. मॉरिशसचंच घ्या. १९६८ला स्वातंत्र्य, १९९२ला प्रजासत्ताक, हे ठाऊक असतं. पण मुख्य बेटापासून साडेपाचशेहून जास्त किलोमीटर पूर्वेला असलेल्या, मॉरिशसच्याच रॉड्रिग्ज बेटाने १९६७च्या निवडणुकीत स्वातंत्र्यविरोधी पक्षालाच कौल दिला होता. राजधानी पोर्ट लुईस आपल्याला विचारणार नाही, ही धास्ती! मॉरिशसच्या संसदेत रॉड्रिग्जचे थेट निवडून येणारे खासदार दोनच. अखेर २००२मध्ये रॉड्रिग्जच्या मुख्य गावात, पोर्ट माथुरिनला, त्यांची स्वतःची प्रादेशिक विधानसभा आली. आम्हा नागपूरकरांना याचं मोल लगेच कळतं. १९५३च्या नागपूर करारामुळे इथे हिवाळी अधिवेशन भरतं खरं, पण ते आटोपलं की फायली परत मुंबईला. रॉड्रिग्जचं सभागृह बारा महिने तिथलंच असतं.