'कोंजुन्तीवो'ला मराठीत काय म्हणावं?

डेक्कनवर इटालियनचा वर्ग लावलाय. सध्या कोंजुन्तीवो (इच्छा, शंका, अट वगैरे सांगणारं क्रियापदाचं रूप, इंग्रजीतलं सब्जंक्टिव्ह) चालू आहे. टिपणं मराठीत काढते, म्हणून त्यापुढे 'संकेतार्थ' (जर-तरचं रूप) लिहिलंय. चालेल का?

प्रतिसाद: खोडा तो शब्द. 'वेळ असता तर आलो असतो' यात आपल्याकडे दोन्ही बाजूंना संकेतार्थच. इटालियनमध्ये 'से अव्हेस्सी तेंपो, व्हेर्रेई': 'जर'च्या भागात कोंजुन्तीवो, 'तर'च्या भागात कोंदित्सियोनाले (अटीचा परिणाम सांगणारं वेगळं रूप). दोघांना एकच नाव दिलंत की 'से अव्हेस्सी'ऐवजी चुकीचं 'से अव्रेई' तोंडात बसलंच म्हणून समजा. (इटलीतली माणसंही असं बोलून जातात आणि हशाचे धनी होतात.) शिवाय आपलं हे वाक्य कालच्या भेटीलाही चालतं आणि आत्ताच्याही. त्यांना कालच्यासाठी 'से अव्हेस्सी अवूतो तेंपो, सारेई व्हेनूतो' असं वेगळं लागतं.

प्रतिसाद: मग 'विध्यर्थ' घ्या. 'व्होल्यो के तू व्हेंगा' म्हणजे 'तू यावंस असं मला वाटतं'. 'पेन्सो के सीआ अ काझा' म्हणजे 'तो घरी असावा'. पेठेतल्या वाड्यात 'आहेत का घरी?' विचारलं की 'असावेत' असं उत्तर यायचं ना, तोच हा कोंजुन्तीवो! नक्की ठाऊक असेल तर 'सो के ए अ काझा', म्हणजे साधा स्वार्थ (सरळ विधान करणारं रूप).

प्रतिसाद: आणि 'बेंके प्योव्हा'? 'पाऊस पडत असला तरी'. इथे कुठाय विध्यर्थ? 'प्रीमा के तू पार्ता' तर आपण 'तू निघण्याआधी' असं धातुसाधितानेच भागवतो. एका नावात हे सगळं मावणार नाही. व्याकरणकार मोरो केशव दामल्यांनी आख्यातांना (क्रियापदाच्या रूपांना) त्यांच्या शेवटावरून नावं दिली, ताख्यात, लाख्यात, वाख्यात, कारण एकच रूप अनेक अर्थ वाहतं. अप्पा बळवंत चौकात त्यांचं व्याकरण मिळालं तर तेवढं प्रकरण वाचाच. माझं मत, मूळ नावच ठेवा.

मूळ प्रश्नकर्ती: पटलं, कोंजुन्तीवोच लिहिते. पण 'मी उद्या येईन असं मला वाटतं' याला 'पेन्सो के इयो व्हेंगा' चालेल?

प्रतिसाद: नाही. वाटणारा आणि येणारा एकच असेल तर 'पेन्सो दि व्हेनीरे दोमानी'. कर्ता बदलला तरच 'के' आणि कोंजुन्तीवो. 'सेकोंदो मे' म्हणजे 'माझ्या मते'. त्याने सुरुवात केलीत तर साधा स्वार्थच येतो. परीक्षेत अडलात तर तीच पळवाट.