युद्धात धाकट्या मित्रराष्ट्राचा शब्द केव्हा चालतो?

प्रश्न (फोंडा)

आमच्या वाचनालयात दुसऱ्या महायुद्धावर बोलायचे असल्याने सध्या ऑस्ट्रेलियाचे प्रकरण वाचत आहे. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले आणि त्या देशाचे सुमारे १५,००० सैनिक कैदेत गेले. तरीही पुढचे युद्ध कसे लढायचे हे लंडन आणि वॉशिंग्टनच ठरवीत होते. पंतप्रधान जॉन कर्टिन यांनी निर्णयात वाटा मागितला आणि मित्रराष्ट्रांच्या सल्लामसलतीसाठी पॅसिफिक युद्ध परिषद अस्तित्वात आली. तिच्यामुळे ऑस्ट्रेलियाच्या पदरात खरोखर काही पडले का?

उत्तर (वास्को)

परिषदेमुळे फारसे नाही. वॉशिंग्टनमधील परिषद १ एप्रिलला प्रथम भरली, परंतु फौजा आणि जहाजे कुठे धाडायची हे ब्रिटन-अमेरिकेच्या संयुक्त सेनाप्रमुखांच्या समितीत ठरत असे व तिथे ऑस्ट्रेलियाला जागाच नव्हती. ‘आधी जर्मनी, मग जपान’ हे धोरण किती पक्के झाले आहे, हे परराष्ट्रमंत्री एव्हॅट यांना मे महिन्यात लंडनला गेल्यावर कळले.

कर्टिन यांचा शब्द चालला तो परिषदेबाहेर. पश्चिम आशियातून परतणारी ऑस्ट्रेलियाची सातवी डिव्हिजन ब्रह्मदेशातील रंगूनच्या बचावासाठी द्यावी, असा चर्चिल यांचा आग्रह होता. कर्टिन यांनी नकार कळवला होता, तरी चर्चिल यांनी जहाजांचा ताफा परस्पर उत्तरेकडे वळवला आणि मग तसे तारेने कळवले. २३ फेब्रुवारीला कर्टिन यांनी पुन्हा ठाम नकार दिला. तोवर जहाजे इतकी दूर गेली होती की कोळसा-तेलासाठी त्यांना आधी कोलंबोला लागावे लागले. ८ मार्चला रंगून पडले. ती डिव्हिजन तिथे उतरली असती तर तिचे काय झाले असते, या विचाराने आजही अंगावर काटा येतो. सैन्य स्वतःचे होते आणि ते न देण्याची हिंमत होती, म्हणूनच लंडनला ऐकावे लागले, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर (डिचोली)

आपण गोव्यात बोलणार आहात, तर ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेचे तिमोर बेट वगळू नये. पणजीवर तेव्हा जो पोर्तुगीज झेंडा होता तोच पूर्व तिमोरची राजधानी ‘दिली’ हिच्यावरही होता आणि पोर्तुगाल तटस्थ होता. तरीही १७ डिसेंबर १९४१ रोजी डच व ऑस्ट्रेलियन तुकड्या तिथे उतरल्या आणि पोर्तुगालचे पंतप्रधान सालाझार यांचा निषेध कोणी मनावर घेतला नाही. दोन महिन्यांनी जपानी सैन्य आले आणि तिमोरी माणसांचे अतोनात हाल झाले. आपल्याला विचारावे असा लंडनकडे आग्रह धरणाऱ्या ऑस्ट्रेलियाने त्या लोकांना काहीच विचारले नव्हते, याचे मला फार वाईट वाटते.

प्रश्नकर्ता (फोंडा)

दोघांचाही आभारी आहे. ताफ्याच्या प्रसंगाने सुरुवात करीन आणि तिमोरला निम्मा वेळ देईन.